एका हाताचा अडकित्ता

गेल्या आठवड्यात बरकतपुऱ्यात कैऱ्यांच्या हातगाड्या आल्या. सकाळी ऑफिसला निघताना एकच दिसली होती, संध्याकाळी परतले तर चार उभ्या, आणि चौघांचंही म्हणणं एकच, "आवकायाकीच है अम्मा, दबा के देखो." आवकाया म्हणजे इथलं तेलुगू लोणचं, आणि लोणच्याची कैरी दाबून कळत नाही. नखाने जरा साल काढून वास घ्यायचा आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहायची. आतली कोय टणक झाली असली की आवाज भरीव येतो. हे मला आईने शिकवलं. कोपऱ्यावरच्या गिरणीत मोहरी दळायला सुरुवात झाली आहे. तिथून जाताना नाकात झणका बसतो, डोळे भरून येतात, आणि दरवर्षी मला तो एक उन्हाळा आठवतो. सात वर्षं झाली त्याला.

आम्ही मूळचे उदगीरकडचे. तिकडच्या जुन्या माणसांना शहर म्हटलं की हैदराबादच आठवायचं; पुणं, मुंबई ही कुणाची तरी दुसऱ्यांची गावं. बाबा, म्हणजे माधवराव बिरादार, शेती भावांवर सोपवून इथे आयटीआयला आले आणि इथलेच झाले. बालानगरच्या एका गल्लीत त्यांचं एका शटरचं दुकान आहे. एक लेथ, एक ड्रिल, एक लांब बाकडं आणि भिंतीला टांगलेल्या कानशी. बाटल्यांची झाकणं बनवायचे साचे, यंत्रांचे तुटके भाग, असली कामं. गल्लीत त्यांना सगळे बिरादारसाब म्हणतात.

आईचं लोणचं मात्र ना पुरतं उदगीरचं, ना पुरतं हैदराबादचं. तेल करडीचं, गावाहून आलेलं. मोहरी आणि लसूण शेजारच्या तेलुगू बाईंच्या हिशोबाने. मेथीचा हात तिचा स्वतःचा. आणि कैरी कोयीसकट फोडलेली. फोडीला कोयीचं कवच चिकटून राहिलं तरच ती वर्षभर कडक राहते, असं ती सांगायची. बाजारातून फोडून आणलेल्या कैऱ्या तिला चालत नसत. लाकडी पाटावर बसवलेला मोठा अडकित्ता पुढे घेऊन ती बसायची, डाव्या हाताने कैरी पात्याखाली धरायची, उजव्याने दांडा दाबायची. कट्. आमच्या घरातला वैशाखाचा आवाज तोच होता.

त्या वर्षी संक्रांत झाली आणि आईला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून ती लवकर घरी आली. बोलणं परत आलं, पाय परत आला, पण डावा हात आला नाही. तो मांडीवर पडलेला असायचा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एक मऊ चेंडू दिला होता. आई तो हातात ठेवायची, मुलगी गेली की बाजूला ठेवून द्यायची. खिडकीकडे तोंड करून बसायची. गाडीवाल्यांची पहिली हाक आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "यंदा लोणचं नको."

बाबा तेव्हा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. आजारपणातल्या कुठल्याच दिवशी मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात काहीतरी करत बसू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "आईसाठी. एका हाताने चालेल असा अडकित्ता." आठवड्याने तो घरी आणला. छान होता दिसायला. पाटाला एक पितळी वाटी बसवली होती, तीत कैरी ठेवायची आणि दांडा दाबायचा. आईने कैरी ठेवली, दांडा दाबला, आणि कैरी वाटीतून निसटून फ्रिजखाली गेली. दुसरी कैरी बाबांनी स्वतः धरली. पातं कोयीवर आदळलं आणि वाकलं. ते पातं काढून बाबांनी जुन्या करवतीच्या पोलादाचं नवं पातं केलं, स्वतःच गॅसच्या ज्योतीवर तापवून कडक केलं. ते वाकलं नाही. त्याचा तुकडाच उडाला आणि आईच्या पदरात पडला.

आईने तो तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "राहू द्या हो. कशाला जीव शिणवायलाव? हात गेला तो गेला."

मी तेव्हा माधापूरला एका सल्लागार कंपनीत होते. योगायोग असा, की त्या वर्षी आमच्याकडे आलेलं काम होतं ते याच प्रश्नाचं: एका धंद्यातली माणसं एकाच भागात दाटीवाटीने बसली, की तिथे नवं काही लवकर कसं सुचतं. मी नकाशावर गोल काढत होते, बाण काढत होते. बालानगर माझ्या एका गोलात होतं. बाबांची गल्ली त्या गोलाच्या आत कुठेतरी होती. पण त्या गल्लीत मी कधी सबंध दिवस बसले नव्हते. लहानपणी डबा द्यायला जायचे, तेवढंच. वातानुकूलित खोलीत बसून मी 'ज्ञानाचा प्रसार' असं लिहीत होते, आणि माझे बाबा एका अडकित्त्यापुढे तीनदा हरले होते.

मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले.

बालानगरचं ऊन वेगळं असतं. वरून येतं त्याहून जास्त पत्र्यांमधून येतं. गल्लीत शिरलं की आधी तेलाचा वास, मग तापलेल्या लोखंडाचा, मग मुलाम्याच्या दुकानातून येणारा आंबट, घशाला लागणारा. एक माणूस फक्त पत्रा वाकवतो. एक फक्त स्क्रूचे आटे पाडतो. एक फक्त साच्यांना चकाकी देतो. कोणाचंच काम एकट्याने पुरं होत नाही, म्हणून दिवसभर हातात काहीतरी अर्धवट घेऊन माणसं या दुकानातून त्या दुकानात जात असतात, आणि वाटेत भेटेल तो विचारतो, "क्या बना रे?" उत्तर ऐकून थांबतो, वस्तू हातात घेतो, उलटीपालटी करतो, काहीतरी बोलतो, निघून जातो.

बाबांना कोणी विचारत नव्हतं. ते दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून काम करायचे. मला वाटलं, उन्हासाठी. चहाच्या वेळी सगळी गल्ली कोपऱ्यावरच्या हॉटेलापाशी जमली तेव्हा बाबांचा चहा दुकानात आला.

चहा घेऊन स्वतः सलीमभाई आले होते. त्यांची भट्टी बाबांच्या दुकानासमोर. पोलाद तापवून, तेलात विझवून त्याला पाणी देण्याचं काम ते करतात. भुवया कायमच्या जळालेल्या. बाकड्यावर तुटकं पातं पडलं होतं. त्यांनी ते उचललं, तुटलेली कड उजेडात धरली.

"किसने पानी दिया इसको?"

"मैंच दिया," बाबा म्हणाले.

"कांच बना दिए तुम. इत्ता सख्त कैको किए? पीठ नरम होना, खाली धार सख्त होना." मग जरा थांबून, "लेथ तुम्हारी, आग हमारी. पूछना नै था क्या, बिरादारसाब?"

मीच सांगितलं, हे कशासाठी चाललंय ते. आईच्या हाताबद्दल गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. तीन महिने झाले होते, आणि बाबांनी समोरच्या माणसाला सांगितलं नव्हतं. सलीमभाई खाली स्टुलावर बसले. त्यांनी पातं खिशात घातलं नाही, हातातच ठेवलं. "भाभीको ऐसा हुआ, और हमको मालूम नै," एवढंच म्हणाले.

संध्याकाळच्या आत त्यांनी नवं पातं करून आणलं. कैरी हातात धरून मी त्याखाली ठेवली, बाबांनी दांडा दाबला. कोयीचे सरळ दोन भाग झाले. पांढऱ्या गराचे दोन तुकडे, कवच जिथल्या तिथे.

"पण कैरी धरणार कोण?" बाबा म्हणाले. "वाटीत ती हलतेच."

सलीमभाईंनी वाटी पाहिली. "इसको स्प्रिंग होना. दोनों बाजू से पकडने वाली." मग गल्लीच्या टोकाकडे बघत म्हणाले, "नरसिंग."

बाबा म्हणाले, "नको."

नरसिंग तिथे स्प्रिंगा वळतो, हे मला माहीत होतं. बाबा मात्र स्प्रिंगा आणायला पार चर्लापल्लीला जायचे. का, ते मी त्या दिवशी सलीमभाईंकडून ऐकलं, बाबा हात धुवायला गेले असताना. दहा वर्षांपूर्वी बाबांनी बाटल्यांना झाकण बसवणाऱ्या यंत्रासाठी एक खटका तयार केला होता. सहा महिने त्यावर घालवले होते. त्याची स्प्रिंग वळायला नरसिंगकडे दिली, आणि पावसाळा संपायच्या आत नरसिंगने तसाच खटका दुसऱ्या गिऱ्हाईकाला करून दिला. बाबांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलं, कोपऱ्यावरचा चहा सोडला. शटर तेव्हापासून अर्ध्यावर आलं.

"गलत किया नरसिंग," सलीमभाई म्हणाले. "मगर एक बात बोलूं? तुम्हारे बाबा का खटका अटकता था. नरसिंग का नै अटकता. अब तो नरसिंग का भी कोई नै बनाता, तीसरे ने उससे अच्छा बना दिया. पूरी गल्ली वोच लगाती."

हे मी पुढे अहवालात लिहायला बसले तेव्हा अडले. एक गोष्ट तीन हातांतून गेली आणि चांगली झाली, हे लिहिता येत होतं. पण पहिल्या हाताचं काय झालं, यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. दहा वर्षं एकट्याने घेतलेला चहा कुठल्या रकान्यात भरायचा?

बाबा हात पुसत आले. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं असावं. ते बाकड्यापाशी उभे राहिले, वाटीवरून अंगठा फिरवत. मग त्यांनी अडकित्ता उचलला, दोन कैऱ्या शर्टाच्या खिशांत घातल्या आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागले. मी मागे गेले. तीस-चाळीस पावलंच असतील. आटे पाडणाऱ्याने यंत्र थांबवून आमच्याकडे पाहिलं.

नरसिंग माझ्या कल्पनेपेक्षा म्हातारा निघाला. तारांच्या भेंडोळ्यांमध्ये बसलेला, चष्मा दोऱ्याने बांधलेला. बाबांना दारात पाहून तो उठला. शेवटी मीच आईचं सांगितलं.

"अम्माका कौनसा हाथ, सार?" त्याने विचारलं. बाबांना, मला नाही.

"डावा. लेफ्ट."

नरसिंगने आपला डावा हात पाठीमागे नेला आणि पट्ट्यात अडकवला. मग नुसत्या उजव्या हाताने कैरी उचलली, वाटीत ठेवली, दांड्याकडे हात नेला. कैरी कलंडली. परत ठेवली. दांडा उचलून धरावा तर कैरी ठेवायला हात नाही, कैरी ठेवावी तर दांडा वाटीवर पडलेला. असं त्याने सात-आठ वेळा केलं, तोंडाने काहीतरी पुटपुटत. बाबा बघत होते. महिनाभर त्यांनी आईसाठी हा अडकित्ता केला होता, पण करताना दोन्ही हात वापरले होते.

"दो स्प्रिंग लगते, सार," नरसिंग म्हणाला. "एक कैरी पकडने को, वो नरम. जोर से पकडेंगे तो फिसलती. और एक दांडे को. छोड दिए तो अपने आप ऊपर जाना. अम्मा क्या-क्या उठाना एक हाथ से?"

बाबांनी तो दांडा एका हाताने उचलून पाहिला. "ये मेरे को नै सूझा," ते म्हणाले.

नरसिंगने पट्ट्यातून हात सोडवला. तार निवडायला वाकला, आणि आमच्याकडे पाठ असतानाच म्हणाला, "वो खटका, सार. तुमको पूछना था मैं. पूछा नै."

"हौ," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मेरा अटकता था."

यापलीकडे त्यावर दोघं कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

दोन दिवसांनी बाबांनी आईला सांगितलं, "गल्लीत चल. तिथे बसून सांग कसं हवं ते." ती नाही म्हणाली. झटका आल्यापासून दवाखाना सोडून ती कुठे गेली नव्हती. लोक हाताकडे बघतील, म्हणाली. बाबांनी कधी नव्हे ते हट्ट धरला. "मी तीनदा चुकलो," ते म्हणाले. "चौथ्यांदा तू समोर हवीस."

रिक्षातून उतरताना तिने पदर डाव्या हातावरून घट्ट गुंडाळून घेतला होता. गल्लीने तिच्यासाठी सावलीत खुर्ची मांडली होती, समोर स्टूल, स्टुलावर अडकित्ता. वाटीच्या जागी आता दोन गाल होते, आतून रबर लावलेले. कैरी वरून दाबली की ते फाकायचे आणि तिला मऊ पकडायचे. सलीमभाई होते, नरसिंग होता, मुलाम्याच्या दुकानातल्या दोन बायका काम सोडून आल्या होत्या. हाताकडे कोणी पाहिलं नाही. सगळे अडकित्त्याकडे बघत होते.

आईने कैरी दाबून बसवली, दांडा दाबला. फुटली, पण वेडीवाकडी. कवचाचे तीन तुकडे झाले.

बाबांनी पात्याकडे हात नेला. आई म्हणाली, "पातं बरं आहे. कैरी चुकीची बसायली. कोयीला शिवण असते, बारीक कड असते बघा एक. ती वर पाहिजे. तुम्ही ती आडवी धरायलाव."

बाबांनी हे दखनीत सांगितलं. नरसिंगने कोयीचा तुकडा घेऊन बोट फिरवलं. "अवुनु," तो तेलुगूत हो म्हणाला, "है. लाइन है." तीस-चाळीस वर्षं लोखंडात काढलेली ती माणसं कोयीचे तुकडे हातात घेऊन तिची कड शोधत उभी होती आणि आई खुर्चीत बसून त्यांना समजावत होती. गाल अजून जवळ हवेत. जरा खोल हवेत, म्हणजे कैरी उभी राहील. दांडा बोटभर आखूड करा, खांद्याला लागतो. बोलता बोलता पदर हातावरून घसरला. तिच्या ते लक्षात आलं नाही.

दुपारपर्यंत बाबांनी गाल बदलले. त्यानंतर आईने पहिली कैरी फोडली. कट्. दांडा सोडला आणि तो आपोआप वर गेला. तिने दुसरी बसवली. तिसरी. मुलाम्यावाल्या बायकांनी फोडी पुसायला फडकं घेतलं. कैऱ्यांची पाटी संपली तेव्हा तिचा चेहरा घामाने निथळत होता, आणि ती आजूबाजूला आणखी कैऱ्या आहेत का ते बघत होती.

त्या वर्षीचं लोणचं गल्लीत सगळ्यांकडे गेलं. चेंडू मात्र तिने नंतरही फारसा वापरला नाही. तिचं म्हणणं, त्यापेक्षा लसूण सोलते. डाव्या हाताची दोन बोटं पुढच्या दिवाळीपर्यंत हलायला लागली. बाकीची तशीच राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात मी बाबांच्या दुकानात गेले होते तेव्हा नरसिंगच्या फळीवर मला तसाच अडकित्ता दिसला. तसाच नाही, याच्या पाटाखाली रबरी पाय होते, फरशी धरून बसणारे. कुणाच्या तरी सासूसाठी केला होता. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी तो उचलून उलटा केला, एक पाय अंगठ्याने दाबून पाहिला आणि विचारलं, "ये रबर किधर मिला तेरे को?" संध्याकाळी घरी येताना त्यांच्या पिशवीत आईच्या अडकित्त्यासाठी चार रबरी पाय होते.

अहवाल आम्ही वेळेत दिला. तो कुणी वाचला की नाही ठाऊक नाही. त्यात मी जवळीक, विश्वास, देवाणघेवाण असे शब्द वापरले होते, ते खोटे नव्हते. पण नरसिंगने पट्ट्यात अडकवलेला हात त्यात कुठेच आला नाही.

परवा रविवारी दिलसुखनगरहून एका बाईंचा फोन आला. वरलक्ष्मी त्यांचं नाव, शाळेत शिक्षिका होत्या. आईचा नंबर त्यांना नरसिंगने दिला होता. त्यांचा उजवा हात गेल्या पावसाळ्यात गेला. आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "रिक्षा बोलव. अडकित्ता घे."

वरलक्ष्मींच्या घरी कैऱ्यांची पाटी तयार होती. त्या जमिनीवर बसल्या, अडकित्ता पुढे घेतला, आणि तेव्हा आम्हा तिघींच्याही लक्षात आलं. दांडा उजव्या बाजूला होता. त्यांचा चालता हात डावा.

त्यांनी मान खाली घातली. त्यांची सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी बाबांना फोन लावला. दांडा डावीकडे हवा, म्हटलं. "मग स्प्रिंगही उलटी वळावी लागेल," ते म्हणाले आणि फोन कानाशी तसाच ठेवून त्यांनी नरसिंगच्या घरी दुसऱ्या फोनवरून काहीतरी विचारलं. मग मला म्हणाले, "उद्या त्यांना गल्लीत घेऊन ये. आमच्या मनाने करायचं नाही. त्या बसून सांगतील."

मी हे वरलक्ष्मींना सांगत होते तोवर आई उठून त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसली होती. खांद्याला खांदा लावून. आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत म्हणाली, तुम्ही बसवा, मी दाबते. वरलक्ष्मींनी डाव्या हाताने कैरी उचलली, बसवली. आईने उजव्या हाताने दांडा दाबला.

पहिल्या दोन-तीन कैऱ्यांना वेळ लागला. नंतर त्यांना एकमेकींकडे बघावं लागलं नाही. वरलक्ष्मी शिक्षिकेच्या आवाजात आईला विचारू लागल्या, लोणच्यात मेथी घालणं कुणी शिकवलं तुम्हाला, आणि आई त्यांना ऐकवू लागली. सुनेने परात आणून पुढे ठेवली, आणि ती भरत गेली.